स्त्रियांच्या वेदनेचा हिशेब मांडणाऱ्या डॉ. मेरी जेकोबी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे, हा आपला प्रघात आहे. यंदा ते लिहिण्याचे काम संपादक भगिनींनी माझ्याकडे सोपविले. जिजाऊमाता तर आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्याच, सिंदखेडराजाच्या. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे याही बुलढाण्याच्याच. या दोघींविषयी आपण वेळोवेळी ऐकले आहे व पुढेही ऐकू. यंदा मात्र मी जाणूनबुजून सातासमुद्रापलीकडच्या एका बाईची निवड केली आहे. डॉ. मेरी पटनम जेकोबी हे त्यांचे नाव. त्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. पण ज्या प्रश्नाच्या मागे त्या लागल्या, तो आपल्या उंद्रीतील घराघरांत दर महिन्याला उभा राहतो, आणि तरीही ओसरीवर त्याचा उच्चार होत नाही.

तो प्रश्न पाळीच्या दुखण्याचा. पाळीच्या आधी चार-आठ दिवस होणारी चिडचिड, जड झालेले अंग, डोकेदुखी, उगाच येणारे रडू. आणि पाळी आली की ओटीपोटात उठणाऱ्या कळा, कंबरेची व मांड्यांची ओढ, मळमळ. हे सारे आपणांपैकी बहुतेकींनी कधी ना कधी भोगले आहे. आपल्याकडे यावर आजवर दोनच उत्तरे मिळत. एक म्हणजे बाजूला बस. दुसरे म्हणजे बाईचा जन्म आहे, सोस. याखेरीज तिसरे उत्तर असू शकते. दुखणे किती जणींना होते ते मोजावे, कोणास होते व कोणास होत नाही ते पाहावे, कारण शोधावे आणि मग उपाय करावा, हे ज्यांनी शास्त्राच्या रीतीने प्रथम करून दाखविले त्यांत मेरीबाईंचे स्थान फार वरचे आहे.

त्यांची आपली ओळख अगदीच दूरची नाही. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्याच महाविद्यालयातून बावीस वर्षे आधी, १८६४ साली, मेरीबाईंनी पदवी घेतली होती. म्हणजे एका अर्थी त्या आनंदीबाईंच्या थोरल्या गुरुभगिनीच म्हणावयाच्या.

मेरीबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८४२ रोजी लंडन येथे झाला. वडील जॉर्ज पामर पटनम हे अमेरिकेतील नामांकित पुस्तक-प्रकाशक. धंद्याच्या निमित्ताने त्यांचे बिऱ्हाड काही वर्षे लंडनला होते. मेरी लहान असतानाच मंडळी न्यूयॉर्ककडे परतली. अकरा भावंडांत ही थोरली. अकरा भावंडांतील थोरली मुलगी म्हणजे काय, हे आपल्या गावातील जुन्या पिढीला समजावून सांगावयास नको. घरात पुस्तकांची रेलचेल होती, आणि मुलीची लेखणीही चांगली होती. तिची एक कथा वयाच्या सतराव्या वर्षी ‘अटलांटिक मंथली’ या मान्यवर मासिकात छापून आली. प्रकाशकाच्या मुलीने लेखिका व्हावे, हेच सर्वांना स्वाभाविक वाटले असते. पण तिच्या मनाने वैद्यकविद्या घेतली होती. वडिलांना हा मार्ग मुळीच रुचला नाही. तरी त्यांनी तिची वाट अडविली नाही, हे त्यांचे मोठेपण.

१८६३ साली न्यूयॉर्कच्या औषधनिर्माण महाविद्यालयाची पदवी मेरीबाईंनी मिळविली; तेथून पदवीधर होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. दुसऱ्या वर्षी फिलाडेल्फियाची डॉक्टरकी पुरी झाली. तो अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ होता. सैन्यात असलेला भाऊ हिवतापाने आजारी पडल्याचे कळताच त्याच्या शुश्रूषेसाठी त्या दूर दक्षिणेकडे लुइझियाना प्रांतात गेल्या. पुढे बोस्टन येथील स्त्रिया व मुले यांच्या रुग्णालयात काही काळ काम केले. परंतु आपल्याला जे शिकविले गेले ते पुरेसे नाही, असे त्यांना मनापासून वाटू लागले. पदवी हाती आल्यावर शिक्षण संपले असे मानणारे पुष्कळ. पदवी हाती आल्यावर आपले शिक्षण अपुरे आहे असे वाटून पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन बसणारे विरळा.

म्हणून १८६६ साली त्या पॅरिसला गेल्या. त्या काळी वैद्यकविद्येचे ते माहेरघर मानले जाई. तेथील रुग्णालयांत त्यांना काम पाहू देत. पण वैद्यकीय विद्यालयाचा दरवाजा स्त्रियांना बंद होता. खर्च भागविण्यासाठी त्या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांकडे व एका वैद्यकीय नियतकालिकाकडे पत्रे लिहून पाठवीत. पुष्कळ अर्ज-विनंत्या झाल्यावर, प्राध्यापकांचा विरोध असतानाही, शिक्षणमंत्र्यांच्या हुकुमाने १८६८ साली त्यांना प्रवेश मिळाला. पॅरिसच्या त्या विद्यालयात पाऊल टाकणारी ही पहिली स्त्री. अट मात्र अशी घालण्यात आली की बाईने बाजूच्या दाराने आत यावे व प्राध्यापकांच्या जवळच्या जागी बसावे. मेरीबाई बाजूच्या दाराने गेल्या, पण आत गेल्या. १८७०-७१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा दिला. शहरात अन्नाची टंचाई, डोक्यावर तोफगोळे. नंतर शहरातच बंड उसळले. पुष्कळ परदेशी लोक निघून गेले. या मात्र राहिल्या, आणि जुलै १८७१ मध्ये पदवी घेऊनच बाहेर पडल्या. त्यांच्या प्रबंधास कांस्यपदक मिळाले.

न्यूयॉर्कला परतल्यावर एलिझाबेथ व एमिली ब्लॅकवेल या भगिनींनी चालविलेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या औषधिशास्त्र शिकवू लागल्या. शिकवणे इतके कडक की विद्यार्थिनींनी तक्रार केली. पण मेरीबाईंचे म्हणणे ठाम होते. स्त्री-डॉक्टर म्हणून कोणी सवलत देऊ नये आणि आपणही ती मागू नये. पुरुष डॉक्टरास जे येते ते सर्व आले पाहिजे. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या उन्नतीसाठी १८७२ साली त्यांनी एक संस्था उभारली व पुढे जवळजवळ तीस वर्षे तिचे अध्यक्षपद सांभाळले. १८७३ साली बालरोगांचे प्रख्यात तज्ज्ञ डॉ. अब्राहम जेकोबी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे गृहस्थ जर्मनीतील १८४८ च्या क्रांतीत भाग घेऊन तुरुंगवास भोगलेले व मग अमेरिकेत आलेले. लग्नानंतर मेरीबाईंनी काम सोडले नाही, शिकविणे सोडले नाही.

आता मूळ विषयाकडे येते. त्याच १८७३ साली बोस्टनचे डॉ. एडवर्ड क्लार्क यांचे ‘सेक्स इन एज्युकेशन’ नावाचे पुस्तक निघाले. क्लार्क हे हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित असलेले वजनदार डॉक्टर. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. शरीरातील शक्ती मर्यादित आहे. मुलगी वयात येते तेव्हा ती शक्ती गर्भाशय व बीजकोश यांच्या वाढीस लागली पाहिजे. त्या काळात तिने मुलांसारखा अभ्यास केला तर रक्त मेंदूकडे जाईल, इकडचे अवयव खुंटतील, आणि ती आजारी, वंध्य किंवा वेडी होईल. तेव्हा मुलींना मुलांबरोबर शिकवू नये, आणि दर चौथ्या आठवड्यास त्यांची शाळा थांबवावी. पुरावा काय, तर त्यांनी पाहिलेल्या सात-आठ रोगी मुलींच्या हकिकती. पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाली. आईबाप घाबरले. मुलींची कॉलेजे नुकती कोठे उघडत होती, त्यांच्या दारावर हे पुस्तक अडसरासारखे पडले.

गंमत अशी की क्लार्कसाहेबांना चिंता वाटली ती शिकणाऱ्या मुलींची. पहाटेपासून रात्रीपर्यंत लोकांच्या घरी भांडी घासणाऱ्या, गिरणीत बारा तास उभ्या राहणाऱ्या बायकांना चौथ्या आठवड्याची सुटी द्यावी, असा आग्रह कोणी धरला नव्हता. मेरीबाईंनी या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. बाई हलके काम कमी पैशात करते तोवर तिच्या पाळीची कोणास आठवण होत नाही. ती पुस्तक हाती घेते किंवा मानाचे व मिळकतीचे काम मागते, तेव्हाच तिच्या नाजूकपणाचा साक्षात्कार होतो, हे त्यांनी ओळखले होते.

हार्वर्ड विद्यापीठात बॉयल्स्टन पारितोषिक म्हणून वैद्यकीय निबंधासाठी एक मानाचे बक्षीस असे. परीक्षकांनी विषय जाहीर केला तो हाच. पाळीच्या दिवसांत स्त्रियांना शरीराच्या व मनाच्या विश्रांतीची गरज आहे काय, व असल्यास किती? निबंध नाव न घालता पाठवावयाचा असे. मेरीबाईंनी नावाच्या जागी एक लॅटिन बोधवाक्य घातले. परीक्षकांनी १८७६ चे बक्षीस त्या निबंधास दिले. पाकीट फोडून पाहतात तो लिहिणारी बाई! ज्या हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाने पहिल्या विद्यार्थिनी घेतल्या त्या थेट १९४५ साली, त्याच हार्वर्डने एका बाईच्या निबंधावर शिक्कामोर्तब केले. हा निबंध १८७७ साली दोनशेहून अधिक पानांच्या पुस्तकाच्या रूपाने छापला गेला.

या निबंधाचे वैशिष्ट्य काय? मेरीबाईंनी क्लार्क यांच्या मताविरुद्ध आपले मत मांडले नाही. त्यांनी विचारले, आणि मोजले. एक हजार प्रश्नपत्रिका छापून स्त्रियांकडे पाठविल्या. वय किती, पाळी कोणत्या वर्षी आली, दुखते काय, किती दुखते, लहानपणी प्रकृती कशी होती, शाळा किती वर्षे झाली, व्यायाम होता काय, किती मैल चालवते, काम कोणते व किती तास, त्या दिवसांत विश्रांती घेता काय, असे प्रश्न त्यांत होते. आज असे कागद गावोगाव भरून घेतात, त्याचे काही नवल नाही. १८७४-७५ साली ज्या गोष्टीचा उच्चार सभ्य बायका डॉक्टरासमोरही करीत नसत, ती लेखी विचारणे हे धाडसच होते. २६८ स्त्रियांची उत्तरे आली.

त्यांचा हिशेब मांडला तेव्हा दिसले की शेकडा सुमारे ३५ स्त्रियांना पाळीत कधीच दुखणे वा अशक्तपणा जाणवत नव्हता. उरलेल्यांत कोणास थोडा, कोणास फार. याचा अर्थ पाळी येणे म्हणजे आजारी पडणे नव्हे. दुखणे हा पाळीचा धर्म असता तर ते सर्वांना झाले असते. पुढे त्यांनी कोणास कमी दुखते हे पाहिले. लहानपणापासून ज्यांची हालचाल व व्यायाम चांगला, खाणेपिणे पुरेसे, शिक्षण पुरे झालेले आणि हातास काही नेमके काम, त्यांस त्रास कमी आढळला. शिक्षणाने त्रास वाढतो, या क्लार्क यांच्या सिद्धान्तास या आकड्यांत आधार मिळाला नाही.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. काही स्त्रियांची नाडी यंत्राने कागदावर रेखून घेतली, अंगाची उष्णता पाहिली, स्नायूंची ताकद मोजली, लघवीतील युरिया तपासला. आणि हे एकदा नव्हे तर महिनाभर निरनिराळ्या दिवशी. त्यांना असे आढळले की शरीरातील व्यापार महिन्याभरात लाटेसारखे चढतात व उतरतात. लाट पाळीच्या आधी चढलेली असते व नंतर ओसरते. पाळी आल्याबरोबर स्त्रीची ताकद एकाएकी कोसळते असे मात्र दिसले नाही. या सर्वांवरून त्यांनी निष्कर्ष काढला की ज्या स्त्रीचे पोषण चांगले आहे तिला केवळ पाळी आली म्हणून काम वा अभ्यास सोडण्याची गरज नाही.

पण, भगिनींनो, हे नीट लक्षात घ्या. मेरीबाईंनी दुखणे खोटे आहे असे कोठेही म्हटले नाही. दुखणाऱ्या स्त्रीने दात-ओठ खाऊन काम करीत राहावे, असेही नाही. जिला वेदना होतात तिची वेदना हा रोग समजून त्याचे कारण शोधावे व उपचार करावा, असे त्यांचे सांगणे. पाळी सर्वांची, पण आजार काहींचा. त्या काहींच्या आजारावरून सर्वांना अपंग ठरवू नये, आणि सर्वांच्या निरोगीपणावरून त्या काहींकडे दुर्लक्ष करू नये. हा विवेक साधणे सोपे नाही. आजही तो सर्वांना साधतो असे नाही.

त्यांच्या पुस्तकातील सर्वच गोष्टी टिकल्या असेही नव्हे. पाळीचे कारण म्हणून त्यांनी पोषणाच्या साठ्याची जी उपपत्ती मांडली ती आता मागे पडली आहे. शरीरातील ज्या रसांमुळे, म्हणजे हार्मोनांमुळे, हे चक्र चालते त्यांचा शोध त्यांच्या मृत्यूनंतर लागला. शिवाय २६८ बायका म्हणजे सगळ्या बायका नव्हेत. परंतु स्त्रियांच्या दुखण्याविषयी बोलताना आधी स्त्रियांना विचारावे, ही त्यांची रीत कायमची टिकली.

संसारात त्यांनी मोठी दुःखे सोसली. पहिली मुलगी जन्मतःच गेली. मुलगा अर्न्स्ट सात वर्षांचा असता १८८३ साली घटसर्पाने गेला. घटसर्पावर ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई असे डॉ. जेकोबी त्याचे वडील. आई अशी विदुषी डॉक्टर. आणि दोघांच्या देखत मूल गेले. त्या काळी त्या रोगावर खात्रीचे औषध नव्हतेच. मार्जरी ही एकच मुलगी राहिली. या आघातानंतरही मेरीबाईंचे रुग्ण, विद्यार्थिनी व लेखन सुटले नाही. १८८० साली न्यूयॉर्कच्या वैद्यक-परिषदेत सभासद म्हणून घेतलेली पहिली स्त्री त्याच होत्या. रक्तक्षयावर गार ओल्या चादरीचा लपेटा व मालिश यांचा उपयोग होतो काय, याचे त्यांनी रुग्णांवर बारकाईने प्रयोग करून पुस्तक लिहिले. शंभरावर वैद्यकीय लेख त्यांच्या नावावर आहेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा म्हणून स्त्रियांनी जो निधी जमविला त्यातही त्या पुढे होत्या. १८९३ साली ते विद्यालय उघडले तेव्हा पहिल्या दिवसापासून मुली आत गेल्या, आणि या वेळी बाजूच्या दाराची अट नव्हती. दुकानांत राबणाऱ्या मुलींच्या कामाच्या तासांसाठी व बसावयास मिळावे म्हणून चाललेल्या खटपटीत, तसेच १८९४ साली न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्यांनी हिरिरीने भाग घेतला.

एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. शार्लट पर्किन्स गिलमन नावाच्या लेखिकेस बाळंतपणानंतर मनाचा आजार जडला. १८८७ साली फिलाडेल्फियाचे विख्यात डॉक्टर वियर मिचेल यांनी तिला त्यांचा ठरीव उपचार दिला. अंथरुणावर पडून राहावे, भरपूर खावे, लिहिणे-वाचणे जवळजवळ बंद करावे. त्याने ती वेडाच्या काठावर गेली, आणि त्या अनुभवावर तिने पुढे एक गाजलेली कथा लिहिली. त्याच बाईवर काही वर्षांनी, १९०२ च्या सुमारास, मेरीबाईंनी उपचार केले ते अगदी उलट दिशेने. थोडे थोडे पण नेमाने डोक्याचे काम करावयास लावून त्यांनी तिचा आत्मविश्वास परत आणला. सक्तीची विश्रांती हेही कधी कधी दुखणेच असते, हे त्यांना वीस-पंचवीस वर्षे ठाऊक होते.

अखेरच्या काही वर्षांत मेरीबाईंना मेंदूच्या आवरणावरील गाठीचा आजार झाला. डोके दुखे, तोल जाई, हातपाय ऐकेनासे झाले. तेव्हा या बाईंनी काय करावे? आपल्याच आजाराची पहिली लक्षणे कोणत्या क्रमाने आली, त्याची टिपणे करून लेख लिहिला, आणि ज्या आजाराने लेखिका मरण पावली त्याचे हे वर्णन तिनेच केले आहे, असे त्याच्या शीर्षकातच नमूद केले. १० जून १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला. दुसऱ्याच्या वेदनेचा हिशेब मांडणाऱ्या बाईने स्वतःच्या वेदनेचाही हिशेब मांडून ठेवला.

त्यांच्यामागे हे काम पुष्कळांनी पुढे नेले. पाळीच्या आधीच्या त्रासाचे वर्णन १९३१ साली न्यूयॉर्कचेच डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी केले. १९५३ साली इंग्लंडमध्ये डॉ. कॅथरिना डाल्टन व डॉ. रेमंड ग्रीन यांनी त्यास पाळीपूर्व लक्षणसमूह हे नाव रूढ केले. डाल्टनबाईंनी त्यावर प्रोजेस्टेरॉन हे औषध आयुष्यभर सांगितले. परंतु पुढे खऱ्या औषधाशेजारी साखरेची गोळी ठेवून, कोणास काय दिले हे रुग्णास न कळू देता चाचण्या झाल्या, तेव्हा त्याचा विशेष गुण दिसला नाही. उलट साधा कॅल्शियम मात्र उपयोगी ठरला. १९९८ साली अमेरिकेत साडेचारशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अशा चाचणीत, रोज कॅल्शियम घेणाऱ्यांची लक्षणे तिसऱ्या महिन्यापर्यंत जवळजवळ निम्म्याने उतरली. साखरेच्या गोळीनेही सुमारे शेकडा ३० उतार पडला होता, हेही लक्षात ठेवावे. कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून औषध खरे होत नाही. तपासून पाहिल्यावर होते.

पाळीच्या कळांचे कारणही उलगडले. गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य सुटते. ते जास्त सुटले की गर्भाशय जोराने आकसते, त्यास रक्त कमी पोहोचते आणि कळ येते. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे पिकल्स या संशोधकाने १९५७ च्या सुमारास पाळीच्या स्रावात असे द्रव्य असल्याचे दाखविले. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे हे द्रव्य बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली सिद्ध केले. त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्यांचा गुण येतो तो यामुळेच. म्हणजे कळ ही मनाची नव्हे, नखऱ्याची नव्हे आणि विटाळाचीही नव्हे. ती एका द्रव्याची करामत आहे. आपल्या आज्या ओटीपोटावर गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक देत, त्याचाही गुण येतो असे चाचण्यांतून दिसून आले आहे. मात्र गोळ्या मनानेच दुकानातून आणून खाऊ नयेत. पोटात व्रण असणाऱ्यांना, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना त्या बाधतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने क्वचित अंगावर गंभीर प्रतिक्रिया उठते, असा इशारा २०२३ साली भारतीय औषधकोश आयोगाने दिला आहे.

आता आपल्याकडे पाहू. माझ्या शाळेच्या दिवसांत दर महिन्याला वर्गातील एखादी तरी जागा तीन-चार दिवस रिकामी दिसे. कोणी विचारीत नसे, कोणी सांगत नसे. आमच्याकडे बाजूला बसणे होते. वेगळे ताट, वेगळे अंथरूण. त्यात थोडी विश्रांती मिळे हे खरे, पण ती विश्रांती दुखणाऱ्या व न दुखणाऱ्या दोघींनाही सक्तीची, आणि तिच्यात उपचार काडीचाही नव्हता. क्लार्कसाहेबांनी बोस्टनमध्ये शास्त्राच्या नावाने जे सांगितले, तेच आपल्याकडे शिवाशिवीच्या नावाने चालत होते.

आपल्याच विदर्भात गडचिरोली येथे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व १९८९ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात ती प्रसिद्ध केली. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले. आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या ८ होत्या. बाळंतपणापलीकडेही खेड्यातील बाईला शरीर असते, हे जगाला त्या आकड्यांनी शिकविले. मेरीबाईंची प्रश्नपत्रिकाच जणू शंभर वर्षांनी विदर्भात येऊन पोहोचली.

आणि दुसरी गोष्ट मन विषण्ण करणारी आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या हकिकती बाहेर आल्या. पाळीच्या तक्रारींसाठी तरुण वयात त्यांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या, आणि राज्य शासनाला चौकशी-समिती नेमावी लागली. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा पडतो, उचलीतून पैसे कापले जातात. शेतात आडोसा नाही, पाणी नाही. ज्या दुखण्यावर शेक, गोळी, तपासणी व एक दिवसाची उसंत पुरली असती, त्यावर पिशवीच काढून टाकण्याची पाळी आली. विश्रांतीचा प्रश्न शिकणाऱ्या मुलींपुरता काढू नका, राबणाऱ्या बाईचा काढा, असे जे मेरीबाईंनी सुचविले होते त्याचा अर्थ येथे कळतो. पाळीची रजा असावी की नसावी, हा वाद आज चालू आहे. बिहार राज्यात सरकारी नोकरीतील स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस अशी रजा मिळते. पण सोयाबीन सोंगणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या आपल्या मजूर भगिनींना रजा कोणी द्यावयाची? त्यांचा विचार ज्या तोडग्यात नाही तो तोडगा अपुराच समजावा.

मेरीबाईंच्या चरित्रातून आपण घ्यावयाचे ते फार अवघड नाही. प्रत्येक घरातील मुलीला पाळी येण्यापूर्वीच आईने, काकूने किंवा मोठ्या बहिणीने ती काय आहे ते सांगावे. एका साध्या वहीत तारीख, किती दिवस स्राव झाला, कोणत्या दिवशी किती दुखले, आधीचे दिवस कसे गेले, हे लिहून ठेवावे. तीन महिन्यांची अशी वही हाती असली तर डॉक्टरीणबाईंना निदान करणे सोपे जाते, आणि आपल्यालाही सांगताना संकोच कमी वाटतो. दुखणे दर महिन्याला वाढत चालले, पाळी नसतानाही दुखू लागले, स्राव फार होऊ लागला, किंवा मुलीची शाळा दर महिन्याला बुडू लागली, तर सोसण्याचा उपदेश न करता तिला तपासणीस न्यावे. मन फारच खचत असेल तर तेही सांगावे. त्यावरही उपचार आहेत. आणि कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून संमती देऊ नये.

आपल्या मंडळात शिवण, भिशी, भजन, हळदीकुंकू सारे काही आहे. त्यांतच वर्षातून एक दुपार या विषयासाठी राखून ठेवावी व तालुक्याहून एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. ज्या बाईने दीडशे वर्षांपूर्वी अनोळखी स्त्रियांना एक हजार कागद पाठवून विचारण्याचे धैर्य केले, तिच्या स्मृतीस उंद्रीच्या भगिनींकडून याहून चांगली आदरांजली दुसरी कोणती असणार?